वेलाखालची जमीन : कोल्हापूरच्या भोपळ्यातील कीड, रोग आणि तण

कोल्हापूर जिल्ह्याच्या शेतीत लाल भोपळ्याला स्वतंत्र पिकाचा मान क्वचितच मिळतो. ऊस तुटून गेल्यावर मोकळ्या झालेल्या रानात, विहिरीच्या कडेला, बांधावर किंवा परसातील खताच्या खड्ड्याशेजारी दोन-चार आळी करून बी टोकले जाते, आणि वेल जमिनीवर पसरू लागला की त्याच्याकडे लक्ष जाते ते थेट फळ दिसल्यावर. डांगर, काशीफळ, गंगाफळ अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या भोपळ्याची भारतात सर्वाधिक घेतली जाणारी जात कुकुर्बिटा मोस्चाटा ही असून, ती मूळची अमेरिका खंडातील आहे आणि पोर्तुगीज व्यापाराच्या काळात, म्हणजे सोळाव्या शतकानंतर, ती इकडे आली असे मानले जाते. वेल परका असला तरी त्याच्यावर तुटून पडणारे प्रमुख किडे मात्र इथलेच आहेत. तांबडा भुंगेरा आणि फळमाशी हे दोन्ही कीटक कुंपणावरची रानतोंडली, कर्टोली, शिवलिंगी अशा देशी वेलींवर पिढ्यान्‌पिढ्या पोसले गेले होते, आणि मांसल पानांचा व मोठ्या फळांचा हा पाहुणा आल्यावर त्यांनी त्यालाही आपल्या आहारात सामावून घेतले. त्यामुळे भोपळ्याच्या शेतातील कीड केवळ त्या शेतापुरती नसते. बांधावरच्या रानवेलींवर तिचा बारमाही मुक्काम असतो.

या पिकाच्या संरक्षणाचा विचार करताना एक गोष्ट सहज नजरेआड होते. फवारणी पानांवर केली जाते, परंतु भोपळ्याचे बहुतेक शत्रू आपल्या आयुष्याचा निर्णायक भाग वेलाखालच्या मातीत घालवतात. तांबड्या भुंगेऱ्याची अळी मुळांवर जगते, फळमाशीचा कोष मातीत असतो, मर रोगाची बुरशी व सूत्रकृमी जमिनीतच टिकतात आणि तणांचे बी व गड्डे तर जमिनीखेरीज दुसरीकडे कुठे नसतातच. म्हणून औषधाच्या बाटलीपेक्षा नांगरट, आळ्याभोवतीची माती चाळवणे, पडलेल्या फळांची विल्हेवाट आणि पिकाची फेरपालट या चार कामांना या पिकात अधिक वजन आहे. कृषी सेवा केंद्राच्या फळीवर मांडून विकता येत नसल्याने ही कामे सल्ल्यातून गळतात, एवढेच.

कोल्हापूरच्या बाबतीत हवामानाचा विचारही वेगळा करावा लागतो, कारण जिल्हा एक असला तरी पाऊस एक नाही. पश्चिमेला गगनबावड्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर पूर्वेला शिरोळकडे जाईपर्यंत तो त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास उतरतो. पश्चिमेकडच्या राधानगरी, शाहूवाडी, गगनबावडा या पट्ट्यात जून-जुलैत टोकलेल्या भोपळ्याचे पहिले दोन महिने सततच्या ओलीत जातात आणि तेथे बुरशीजन्य रोग हा मुख्य प्रश्न ठरतो. करवीर, हातकणंगले, शिरोळच्या काळ्या व बागायती जमिनीत जानेवारी-फेब्रुवारीत लावलेल्या उन्हाळी भोपळ्याला मात्र भुरी, पांढरी माशी आणि तिने पसरवलेले विषाणू यांचा त्रास अधिक होतो. दोन्हीकडे एकाच वेळापत्रकाने फवारण्या करणे म्हणजे नसलेल्या रोगावर खर्च करणे होय.

उगवणीनंतर सर्वांत आधी हजर होतो तो तांबडा भुंगेरा. नारिंगी-तांबड्या पाठीचा, अर्ध्या बोटाच्या पेरापेक्षाही लहान असा हा कीटक बीजदले, म्हणजे बियातून प्रथम बाहेर येणारी दोन जाड पाने, कुरतडून चाळणीसारखी करतो आणि रोप दोन-तीन पानांचे असताना त्याचा थवा उतरला तर पुन्हा टोकणी करण्यावाचून पर्याय राहत नाही. भोपळावर्गीय वेलींमध्ये कुकुर्बिटॅसिन नावाची अत्यंत कडू द्रव्ये असतात, जी बहुतेक प्राण्यांना दूर ठेवतात. परंतु या भुंगेऱ्याला तीच चव खाण्यास उद्युक्त करते. मादी खोडाजवळच्या ओलसर मातीत अंडी घालते, साधारण आठवडाभराने अळी बाहेर पडते, दोन-तीन आठवडे मुळे व जमिनीला टेकलेली फळे पोखरते आणि मातीतच कोषात जाते. वेल चार-पाच पानांचा होऊन चालू लागला की भुंगेऱ्याने खाल्लेली पाने त्याला परवडतात, म्हणून खरी राखण उगवणीपासूनच्या पहिल्या तीन आठवड्यांची असते. सकाळी गारव्यात भुंगेरे सुस्त असतात. त्या वेळी ते वेचून साबणाच्या किंवा रॉकेलच्या पाण्यात टाकणे हे परसातल्या पाच-दहा आळ्यांसाठी कोणत्याही औषधापेक्षा खात्रीचे काम आहे. दव असताना पानांवर चुलीची राख धुरळण्याची जुनी रीतही तात्पुरता उपयोग देते, मात्र पहिल्याच पावसात ती धुऊन जाते. मोठ्या क्षेत्रावर पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे शंभर लिटर पाण्यासाठी पाच किलो निंबोळ्यांच्या गराचा काढा, भुंगेऱ्याचे खाणे कमी करतो. मागचे वेल निघाल्यावर उन्हात खोल नांगरट झालेली असेल तर मातीतील अळ्या व कोष बगळे, साळुंक्या आणि ऊन यांच्या तावडीत सापडतात, आणि पुढच्या हंगामातील थवा तितका लहान होतो.

भोपळ्याचे खरे आर्थिक नुकसान मात्र फळमाशी करते. ही आंब्यावरची फळमाशी नव्हे. भोपळावर्गीय फळांवरील माशीला शास्त्रज्ञ झ्यूगोडॅकस कुकुर्बिटी म्हणतात. तिचे शास्त्रीय वर्णन १८९९ मध्ये हवाई बेटांवरच्या नमुन्यांवरून झाले, पण तेथे ती थोडीच वर्षे आधी बाहेरून गेलेली होती आणि तिचे मूळ घर भारतीय उपखंडाच्या परिसरात असल्याचे मानले जाते. मादी आपल्या सुईसारख्या अवयवाने कोवळ्या फळाच्या सालीत छिद्र पाडून आत अंडी घालते. छिद्रातून पाझरलेला रस वाळून तेथे डिंकासारखा थेंब दिसतो, आणि शेतकरी ज्याला ‘डंख मारलेले फळ’ म्हणतात ते हेच. एक-दोन दिवसांत अंडी फुटतात, पांढरट अळ्या गर खात जातात, मागोमाग जिवाणू शिरून फळ सडते किंवा वाकडे होते, आणि पूर्ण वाढलेल्या अळ्या फळातून बाहेर पडून मातीत पाच-सात सेंटीमीटरच्या आत कोष करतात. उष्ण हवामानात अंड्यापासून माशीपर्यंतचे चक्र तीन-चार आठवड्यांत पूर्ण होत असल्याने भोपळ्याच्या एका हंगामात तिच्या अनेक पिढ्या होतात.

या चक्रात माणसाच्या हाताला लागणाऱ्या जागा तीन आहेत. पहिली फळाची. फळधारणेनंतरचे सुमारे दोन आठवडे साल कोवळी असते व तेवढाच काळ धोका मोठा असतो. साल टणक झाली की मादीला छिद्र पाडणे कठीण जाते, म्हणून घरगुती लागवडीत फळ धरल्याची खात्री होताच त्यावर कागदी किंवा जुन्या धोतराची पिशवी बांधणे पुरेसे ठरते. दुसरी जागा मातीची. डंख लागलेली व गळून पडलेली फळे बांधावर किंवा उकिरड्यावर फेकली जातात, आणि ही सवय म्हणजे शेताच्या कडेला माशांची उबवणी केंद्रे उघडण्यासारखी आहे, कारण फळ फेकले तरी आतल्या अळ्या मरत नाहीत. अशी फळे दर दोन-तीन दिवसांनी गोळा करून किमान दोन फूट खोल पुरावीत किंवा जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कडक उन्हात ठेवावीत. गावातील एकाने हे केले आणि शेजाऱ्याने केले नाही, तर उपयोग अर्धाच होतो. तिसरी जागा कुंपणाची आहे. प्रौढ माशा अंडी घालण्यापुरत्या वेलीवर येतात व उरलेला वेळ कडेच्या उंच झाडोऱ्यात घालवतात. हवाईत झालेल्या कामात मक्याच्या पट्ट्यांवर त्यांचा मुक्काम विशेष आढळला आणि प्रथिनयुक्त विषारी आमिष मुख्य पिकावर न मारता त्या पट्ट्यांवर मारण्याची पद्धत रूढ झाली. कोल्हापुरात गोड आमिषासाठी गूळ शोधायला लांब जावे लागत नाही. मात्र गुळाच्या पाण्यात मिसळावयाचे कीटकनाशक त्या पिकासाठी नोंदलेले आहे का, हे पाहूनच ते वापरावे.

सापळ्यांच्या बाबतीत एक चूक वारंवार होते. घाट उतरून कोकणात गेल्यावर आमराईत टांगलेले जे ‘रक्षक’ सापळे दिसतात, दापोलीच्या कृषी विद्यापीठामुळे जे प्रसिद्ध झाले, त्यांत मिथाइल युजेनॉल हे आमिष असते व त्याकडे आंब्यावरच्या माशीचे नर येतात. भोपळ्यावरच्या माशीचे नर त्याला भुलत नाहीत. त्यांच्यासाठी ‘क्यू ल्युअर’ नावाचे वेगळे आमिष लागते. दोन्ही वड्या दुकानात शेजारी ठेवलेल्या असतात आणि ‘फळमाशीचा सापळा’ एवढेच मागितले तर चुकीची वडी हाती पडण्याची शक्यता बरीच असते. योग्य आमिष असले तरी सापळा केवळ नरांना पकडतो, आणि उरलेला एक नर अनेक माद्यांशी समागम करू शकत असल्याने एकरी पाच सापळे टांगून निश्चिंत होता येत नाही. त्यांचा खरा उपयोग माशी कधी आली व किती वाढली हे कळण्यासाठी आहे. सामूहिक प्रयत्नांची कमाल मर्यादा जपानने दाखवली. तेथे किरणोत्साराने वंध्य केलेले कोट्यवधी नर सोडून १९९३ पर्यंत ओकिनावाच्या बेटांवरून ही माशी समूळ नष्ट करण्यात आली. समुद्राने वेढलेल्या बेटांवर जे साधले, ते सलग वस्तीच्या व बारमाही दोडका-कारल्याच्या पंचगंगा खोऱ्यात साधणार नाही, पण एका शिवारातील शेतकऱ्यांनी मिळून पडलेली फळे पुरली तरी माशीचा भर उतरतो. कोहळा हाही याच कुळातला आणि याच माशीला बळी पडणारा. नवरात्रात ललिता पंचमीला कोल्हापूरच्या त्र्यंबोली टेकडीवर जो कोहळा फोडला जातो, तो वाढतो नेमका पावसाळ्याच्या उत्तरार्धात, माशीच्या भराच्या काळात. बंगळूरजवळच्या हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेला ‘अर्का सूर्यमुखी’ हा भोपळ्याचा वाण फळमाशीला प्रतिकारक म्हणून ओळखला जातो. लहान, चपट्या, नारिंगी फळांचा हा वाण मोठ्या फोडी करून विकणाऱ्या बाजारात मात्र बसत नाही.

शत्रू वेलाखालच्या मातीत असतो हा सुरुवातीचा नियम दोन रोगांना लागू पडत नाही. केवडा आणि भुरी हे दोन्ही हवेतून येतात. केवड्यात पानाच्या वरच्या बाजूस शिरांनी बंदिस्त केलेले कोनाकार पिवळे ठिपके दिसतात आणि खालच्या बाजूस करड्या-जांभळट रंगाची लव येते. तिच्या बीजाणूंना रुजण्यासाठी पान काही तास ओले राहावे लागते, म्हणून पश्चिम तालुक्यांतील पावसाळी भोपळा व नदीकाठची हिवाळी धुक्यातली लागवड त्याला लवकर बळी पडते. भुरीचे पांढरे पीठ मात्र कोरड्या दिवसांत व गार रात्रीत वाढते, तिला पानावर पाण्याची गरज नसते आणि सरळ पावसाने ती उलट धुतली जाते. या फरकाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे, कारण तुषार सिंचनाने भुरी थोडी दबली तरी केवड्याला निमंत्रण मिळते. उसाच्या उंच फडाला लागून, सावलीत लावलेल्या वेलांवर दव उशिरापर्यंत टिकते व केवडा आधी तेथेच दिसतो. टोकणीच्या वेळी आठ-दहा फूट अंतर सोडणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. भुरीसाठी गंधक उपयोगी असले तरी भोपळावर्गीय पाने गंधकाने भाजतात, विशेषतः तापमान ३२ अंशांच्या पुढे गेल्यावर, त्यामुळे मार्च-एप्रिलच्या दुपारी ते मारणे म्हणजे रोगापेक्षा उपाय जड. जुन्या पुस्तिकांमध्ये भुरीसाठी डिनोकॅपची शिफारस आढळते, पण त्यावर केंद्र सरकारने २०२३ मध्ये बंदी घातली आहे. ब्राझीलमधील संशोधक वाग्नर बेत्तिओल यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हरितगृहातील झुकिनी भोपळ्यावर आठवड्यातून एकदा १० टक्के किंवा अधिक तीव्रतेचे गाईचे दूध फवारल्यास भुरी आटोक्यात राहते असे आढळले. दुधाच्या या जिल्ह्यातही शंभर लिटर फवाऱ्यामागे दहा लिटर दूध हा हिशेब परसापुरताच परवडेल.

विषाणूजन्य मोझॅकवर औषध नाही, ही गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. पाने पिवळी-हिरवी चट्टेदार होणे, शिरा पिवळ्या पडणे, पाने आकसणे व फळांवर गाठी येणे ही त्याची लक्षणे, आणि ती दिसू लागल्यावर वेल बरा होत नाही. माव्यावाटे येणारे विषाणू बहुधा त्याच्या तोंडाच्या टोकाला चिकटून जातात व काही क्षणांच्या टोचणीत नव्या वेलात उतरतात, त्यामुळे औषधाने मावा मरेपर्यंत रोगाचा प्रसार होऊन गेलेला असतो; पांढऱ्या माशीने वाहिलेला विषाणू मात्र तिच्या शरीरात जाऊन पुन्हा बाहेर यायला काही तास घेतो, म्हणून तेथे तिचा बंदोबस्त केल्यास थोडा लाभ होतो. चंदेरी प्लास्टिकच्या आच्छादनावरून परावर्तित होणारा प्रकाश या दोन्ही कीटकांना उतरण्यापासून गोंधळवतो. दोन-तीन आठवडे आधी पेरलेल्या मक्याच्या किंवा ज्वारीच्या ओळी कडेला असल्यास माव्याची पहिली टोचणी तेथे होते. पहिल्या महिन्यात दिसलेले रोगट वेल उपटून काढण्यात कुचराई करू नये.

मोझॅकसारखी दिसणारी एक व्याधी कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात विशेष आढळते आणि तिचा कीड-रोगाशी काहीही संबंध नसतो. उसातील रुंद पानांच्या तणांसाठी ‘टू-फोर-डी’ हे तणनाशक फवारले जाते. ते वनस्पतीच्या वाढ-संप्रेरकाची नक्कल करून तिची वाढ विस्कटते. वाऱ्यावरून आलेले त्याचे सूक्ष्म थेंबही भोपळ्याला पुरतात. नवी पाने अरुंद, पंख्यासारख्या शिरांची होतात, देठ पिळतात, शेंडा वाकतो आणि विषाणू समजून त्यावर आणखी दोन-तीन औषधे मारली जातात. ओळख पटवणे कठीण नाही. तणनाशकाचा परिणाम उसाच्या बाजूच्या कडेला सर्वाधिक व आत जाताना कमी होत जातो, एकाच दिवशी सगळीकडे दिसतो आणि शेजारची रुंद पानांची तणेही तशीच पिळलेली असतात; विषाणू मात्र एखाद-दुसऱ्या वेलापासून विखुरलेला सुरू होतो व आठवड्या-आठवड्याने पसरतो. फवारा सौम्य असेल तर तणनाशकाच्या तडाख्यातून वेल पुढे सरळ पानांनी वाढतो. उसात वापरलेले अॅट्राझिन मातीत काही महिने टिकते, त्यामुळे ऊस काढून लगेच भोपळा टोकल्यास बी उगवूनही पानांच्या कडा पिवळ्या पडून रोपे वाळू शकतात. मागच्या पिकात कोणते तणनाशक मारले होते, हे टोकणीपूर्वी विचारणे म्हणूनच बियाण्याच्या जातीइतके महत्त्वाचे आहे.

तणाचा त्रास पहिल्या पाच-सहा आठवड्यांचा असतो. वेलीने जमीन झाकली की तिची रुंद पाने खालच्या तणाला ऊन मिळू देत नाहीत. त्याआधी दोन वेळा केलेली हलकी भांगलण पुरते, आणि तीही खुरप्याच्या टोकाने खोल न खणता, कारण भोपळ्याची अन्न घेणारी मुळे जमिनीच्या वरच्या थरातच आडवी पसरलेली असतात. तांदुळजा, घोळ, पाथरी ही भांगलणीत निघणारी तणे निदान पातेल्यात तरी जातात. लव्हाळा व हरळी मात्र तोडल्याने वाढतात. लव्हाळ्याचे कोंब प्लास्टिकचे आच्छादनसुद्धा भोसकून वर येतात, त्यामुळे असे रान भोपळ्यासाठी निवडण्यापूर्वीच उन्हाळी नांगरटीत त्याचे गड्डे वर काढून वाळवावे लागतात. १९५०च्या दशकात पुण्यात नोंदले गेलेले गाजर गवत आज कोल्हापूरच्या पाणंदींवरही उभे असते, आणि त्यावर पांढरी माशी व फुलकिडे राहतात. उसाचे पाचट हे या जिल्ह्यातले सर्वांत सोयीचे आच्छादन आहे. एका हेक्टर उसामागे आठ-दहा टन पाचट निघते आणि ते बहुतेक वेळा पेटवले जाते. तेच वेलाखाली चार बोटे जाड पसरले तर तण दबते, ओल टिकते आणि फळ ओल्या मातीला न टेकल्याने खालून कुजत नाही. आळ्याच्या खोडालगत मात्र पाचट नको, कारण तेथे ओल साचून खोडकूज होते व भुंगेऱ्याची मादीही तेथेच अंडी घालते.

औषध फवारणे अपरिहार्य झाले तर वेळ संध्याकाळची असावी. भोपळ्याची नर व मादी फुले वेगवेगळी असून ती पहाटे उमलतात व दुपारपूर्वी मिटतात. एवढ्याच अवकाशात मधमाश्यांनी परागकण पोहोचवले नाहीत तर मादी फुलाखालचे बोटभर फळ पिवळे पडून गळते. सकाळी फवारणी करून मधमाश्या मारल्यावर गळणारी ही कोवळी फळे रोगाची समजून पुन्हा फवारणी केली जाते, आणि दुष्टचक्र सुरू होते. फरीदाबाद येथील केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समिती प्रत्येक औषध कोणत्या पिकावर वापरता येईल हे ठरवते. भोपळ्यासारख्या दुय्यम पिकांसाठी नोंदलेली औषधे थोडीच असल्याने शेजारच्या टोमॅटोचे किंवा द्राक्षाचे औषध भोपळ्यावर मारण्याकडे कल असतो. मोनोक्रोटोफॉससारख्या तीव्र विषाचा भाजीपाल्यावरील वापर २००५ मध्येच बंद करण्यात आला, तरीही भाजीचे पीक म्हणून भोपळ्याकडे पाहण्याची सवय अजून पूर्ण रुजलेली नाही. लेबलावर दिलेला प्रतीक्षा काळ, म्हणजे शेवटची फवारणी व काढणी यांत राखावयाचे दिवस, भोपळ्यात पाळणे अवघड नाही, कारण पक्व फळ वेलावर आठवडाभर अधिक राहिल्याने बिघडत नाही.

काढणीनंतर वेल शेतातच सोडून देणे ही सर्वत्र दिसणारी सवय आहे. वाळत चाललेल्या त्या वेलांवर भुरी, पांढरी माशी आणि उशिरा लागलेली बारकी, डंख मारलेली फळे शिल्लक असतात, व शेजारच्या काकडीला तेथूनच लागण होते. वेल गोळा करून खड्ड्यात कुजवावेत व रान उघडे नांगरून टाकावे. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पंचगंगा व कृष्णाकाठची जी शिवारे कित्येक दिवस पाण्याखाली राहिली, तशा रानात गाळाबरोबर लव्हाळ्याचे गड्डे व परक्या तणांचे बी येते आणि निचरा बिघडल्याने मूळकूज वाढते, म्हणून पूर ओसरल्यावरचा पहिला हंगाम तेथे भोपळा, काकडी, दोडका यांपैकी काहीही न घेता ज्वारी किंवा हरभरा घेणे शहाणपणाचे. मुळांवर गाठी दिसल्या असतील तर त्या सूत्रकृमींच्या आहेत, आणि त्या रानात किमान दोन वर्षे वेलवर्गीय पीक टाळून मधल्या हंगामात झेंडूची एक लागवड काढल्यास त्यांची संख्या घटते; कोल्हापूरच्या बाजारात दसऱ्या-दिवाळीला झेंडूला उठाव असल्याने ही फेरपालट तोट्यात जात नाही.